सोन्याचा नाग आणि कातड्याची तोफ

गेल्या दिवाळीत आमच्या घरात फाशांचा एक नवाच खेळ शिरला. नातवाने व त्याच्या मित्रांनी सतरंजीवर कागद पसरले आणि तासाभरात भांडण माझ्या खोलीपर्यंत आले. कोणा मांत्रिकाने म्हणे अग्निगोल फेकला. त्यात नातवाचा वीर भाजलाच, वर त्याची कातडी ढालही जळाली. "आजोबा, मंत्राने ढाल कशी जळेल?" असे म्हणून त्याने मला पंच नेमले.

नियम पाहिले आणि गंमत वाटली. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९७९ च्या एका पुस्तकात यासाठी चक्क कोष्टक दिले आहे. कातडे, लाकूड, हाड, धातू, प्रत्येकाला फाशाचा निराळा आकडा. तो पडला नाही की वस्तू गेली. अग्निगोलाने सोने-चांदी वितळते, हेही खेळाच्या नियमांत आहे. म्हणजे जादूलाही वस्तू कशाची आहे हे पाहावे लागते! ते वाचता वाचता मला रामशेज आठवला.

१६८२ च्या मार्चात औरंगजेब आमच्या शहरी दाखल झाला. (ज्याच्याशी लढायला तो आला, त्याचेच नाव आज या शहराला आहे.) त्याने शहाबुद्दीनखानाला नाशिकच्या उत्तरेस रामशेजवर धाडले. किल्ला लहान, पण पडेना. खाफीखान हा मोगलांकडचाच इतिहासकार. तो सांगतो की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकूड पोखरून, कातडे लावून तोफा केल्या, आणि त्यांतली एकेक दहा तोफांचे काम करी. कोष्टकाच्या हिशेबाने लोखंडापुढे हा माल कच्चाच!

शहाबुद्दीन थकला, त्याच्या जागी खानजहान बहादूर आला. त्याच्या पदरी भुतेखेते वश असल्याचे सांगणारा एक इसम होता. त्याने शंभर तोळे सोन्याचा नाग मागितला. तो हाती धरून आपण पुढे चालू आणि फौज सुखरूप दरवाजाशी नेऊ, असे त्याचे म्हणणे. खानाने नाग घडवून दिला. अर्धी वाट सरते न सरते तोच वरून गोफणीचा गोटा मांत्रिकाच्या छातीत बसला. नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे.

वर्गात ही हकीकत मी हसत हसत सांगत असे. आता ते हसू येत नाही. दहा वर्षे आधी, १६७२ साली, नारनौलच्या सतनाम्यांवर तलवार वा गोळी चालत नाही अशी बोलवा मोगल लष्करात उठली, तेव्हा खुद्द बादशहाने स्वहस्ते दुआ लिहून त्या निशाणांवर लावायला दिल्या होत्या. ती लढाई मोगलांनी जिंकली. हत्यार चांगले असून काम देत नाही, याचे कारण शिपायाने काय मानावे? शत्रूची जादू म्हटले की आपला आणि आपल्या सरदाराचा दोष उरत नाही. मग जादूवर उलटी जादू हवीच. खानजहान मूर्ख होता असे मला वाटत नाही. त्याच्या माणसांचा आपल्या तोफांवरचा भरवसाच उडाला होता, आणि त्याला लोहाराकडे इलाज नव्हता.

अखेर मोर्चांचे लाकूडसामान जाळून खान परतला. पुढे काही वर्षांनी रामशेज मोगलांना मिळाला तो किल्लेदार फितवून. सोने शेवटी आत गेलेच; फक्त थैलीतून.

ढालीचा निकाल मी नातवाच्या विरुद्ध दिला. भाऊबीजेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.