फाइल प्रणालीतील स्नॅपशॉट
संगणकाच्या साठवण माध्यमावरील फायली व निर्देशिका एखाद्या क्षणी ज्या स्थितीत होत्या, ती स्थिती तशीच टिकवून ठेवणाऱ्या व सामान्यतः केवळ वाचता येणाऱ्या प्रतिरूपास ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. तो घेताना मजकुराची नक्कल केली जात नाही. जुने खंड जागच्या जागी राहतात आणि नंतरचा बदल नव्या खंडांत लिहिला जातो. त्यामुळे स्नॅपशॉट अल्पावधीत तयार होतो व आरंभी जवळजवळ जागा व्यापीत नाही. मात्र घेतलेल्या स्नॅपशॉटांची यादी ठेवणे, त्यांचा काळ ओळखणे आणि त्यांपैकी कोणी किती जागा अडविली आहे हे ठरविणे तितके सोपे नाही. या तंत्राचा इतिहास बऱ्याच अंशी या नोंदीच्या प्रश्नाचा इतिहास आहे.

जुनी स्थिती राखण्याची कल्पना स्नॅपशॉटांहून जुनी आहे. टेनेक्स आणि त्यानंतरची डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची व्हीएमएस या परिचालन प्रणालींत फाइल पुन्हा लिहिली की, तिला पुढचा आवृत्तिक्रमांक मिळे व आधीची आवृत्ती शिल्लक राही. तथापि ही नोंद एकेका फाइलीपुरती होती. सर्व फायली एकाच क्षणी कशा होत्या, हे तीवरून कळत नसे. आयबीएममधील रेमंड लॉरी यांनी १९७७ मध्ये माहितीसंचांसाठी मांडलेल्या छायापृष्ठ पद्धतीत जुने पृष्ठ न खोडता नवे अन्यत्र लिहिले जाई. पुढील तंत्रांचे बीज तीत आढळते. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या अँड्र्यू फाइल प्रणालीत वापरकर्त्याच्या संचाची केवळ वाचनीय अशी एक राखीव प्रत ठेवण्याची सोय होती. प्रत एकच असल्याने यादीचा प्रश्न उद्‌भवत नव्हता.

बेल प्रयोगशाळांतील प्लॅन ९ या प्रणालीने तारखेलाच सूचीचे रूप दिले. शॉन क्विनलन व केन टॉम्पसन यांच्या कार्यातून सिद्ध झालेली तिची फाइलसेवा रोज एकदा संपूर्ण वृक्षाची स्थिती एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर उतरवीत असे. वर्षाची एक निर्देशिका व तीत महिना-दिवसाची दुसरी, अशी मांडणी असल्याने १५ मार्च १९९५ ची फाइल ‘१९९५/०३१५’ या मार्गाने वाचता येई. तेथे काहीच खोडले जात नसल्यामुळे जागा मोकळी करण्याचा प्रश्न नव्हता.

पुन्हा लिहिता येणाऱ्या चुंबकीय तबकड्यांवर मात्र तो टाळता येत नव्हता. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटवर्क अप्लायन्स या कंपनीचे डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल मॅल्कम यांनी १९९४ मध्ये वॅफल या फाइल प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत ४ किलोबाइटांच्या प्रत्येक खंडासाठी ३२ बिटांची नोंद असे. एक बिट चालू फाइल प्रणालीचा, तर इतर बिट एकेका स्नॅपशॉटाचे असत. सर्व बिट शून्य झाल्यावरच तो खंड मोकळा मानला जाई. या रचनेत २० पर्यंत स्नॅपशॉट ठेवता येत. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली. ठराविक तासांनी, रोज रात्री व दर आठवड्याला घेतलेल्या स्नॅपशॉटांना क्रमांक दिले जात आणि नवा आला की जुन्यांचे क्रमांक एकेकाने पुढे सरकत. ते ज्या निर्देशिकेत दिसत, ती नेहमीच्या यादीतून लपविलेली असे.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू एरन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्माण केलेली झेडएफएस ही प्रणाली २००५ मध्ये सोलॅरिसच्या मूळ आज्ञावलीत समाविष्ट झाली. तीत बिटांच्या तक्त्याऐवजी प्रत्येक खंडाच्या निर्देशकात त्याच्या जन्माचा व्यवहारक्रमांक नोंदविला जातो. खंड शेवटच्या स्नॅपशॉटानंतर जन्मलेला असेल, तर खोडताच मोकळा होतो. आधीचा असेल, तर ‘मृतसूची’त जातो. त्यामुळे स्नॅपशॉटांच्या संख्येवरील पूर्वीचे बंधन नाहीसे झाले. परिणामी याद्या लांबल्या आणि आरंभी सर्वसाधारण यादीत दिसणारे स्नॅपशॉट पुढे मागणी केल्याशिवाय दाखविले जाईनासे झाले. लिनक्समध्ये २००९ साली आलेल्या बीटीआरएफएस या प्रणालीत स्नॅपशॉट हा उपसंचाचाच एक प्रकार असून त्यावर लिहिताही येते. ॲपलने २०१७ मध्ये आपल्या नव्या फाइल प्रणालीत ही सोय आणली.

यादीतील आकड्यांचा अर्थ लावताना विशेष दक्षता लागते. झेडएफएसमध्ये स्नॅपशॉटापुढे दिसणारी व्यापलेली जागा म्हणजे केवळ त्याच्या एकट्याच्या ताब्यातील जागा होय. उदा., १०० गिगाबाइटांची फाइल दोन स्नॅपशॉटांत असून नंतर मूळ संचातून खोडली, तर तिच्यापोटी दोहोंपुढे शून्य दिसते. एक काढल्याने काहीच मोकळे होत नाही. दोन्ही काढल्यास १०० गिगाबाइट मोकळे होतात. आकड्यांची नुसती बेरीज करणारा व्यवस्थापक येथे फसतो. म्हणून सर्व स्नॅपशॉटांनी मिळून व्यापलेली जागा वेगळी दाखविण्याची, तसेच काढण्यापूर्वी किती जागा सुटेल याचा अंदाज देण्याची सोय करण्यात आली आहे.

स्नॅपशॉट चुकून खोडलेली फाइल परत देतो. परंतु तबकडीच नादुरुस्त झाली, तर तिच्याबरोबर तोही नष्ट होतो. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारे आज्ञाक्रमही प्रथम अशा प्रतीच पुसण्याचा प्रयत्न करतात. यावर उपाय म्हणून स्नॅपशॉटांतील फरक दुसऱ्या यंत्रावर पाठविणे व महत्त्वाचे स्नॅपशॉट खोडता येणार नाहीत असे धरून ठेवणे या पद्धती रूढ झाल्या. यादीत स्नॅपशॉटाचे नाव असणे म्हणजे माहिती सुरक्षित असणे नव्हे. तिची दुसरी प्रत कोठे आहे व ती परत वाचता येते का, याची नोंदही तितकीच आवश्यक ठरते.