चुलीची संमती

वीज आणि इंधन यांचा आपल्याकडील इतिहास लिहिला जातो तो बहुधा धरणांचा, बोगद्यांचा, धुराड्यांचा आणि समारंभाने बसविलेल्या कोनशिलांचा. अमुक साली अमुक केंद्र सुरू झाले, त्याची शक्ती एवढी, त्यावर खर्च एवढा. इतके नोंदले की इतिहासकार पुढच्या धरणाकडे वळतो. ती शक्ती अखेर ज्या घरात पोहोचावयाची, त्या घराने तिला आत घेतले की उंबऱ्यावरूनच परत पाठविले, याची नोंद क्वचितच सापडते. आमच्या मते या इतिहासाचे मर्म नेमके तेथे आहे. नवे इंधन प्रयोगशाळेत सिद्ध होते हे खरे. परंतु ते रुजावयाचे की नाही याचा निकाल चूल देते, आणि त्या निकालावर अपील चालत नाही.

झाशीच्या बड्या बाजारात राहणाऱ्या मराठी माणसास हा विषय सुचावा यात नवल नाही. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी १७४२ नंतर येथील किल्ला वाढविला, त्याखाली वस्ती वसविली आणि त्यांच्यामागून दक्षिणेतील घराणी इकडे आली. त्यांच्या वंशजांच्या घरांत भाषा पुष्कळशी बदलली; तरी शेजारी ज्याला ‘कंडा’ म्हणतात त्याला आमच्या वृद्ध स्त्रिया अजून ‘गोवरी’च म्हणतात. बुंदेलखंडात ऊन अमाप आणि दगड अमाप. लाकूड व पाणी मात्र मोजूनमापून. बेतवा नदी जवळून वाहते. तिच्यावरील पारीछा येथील बंधारा १८८६ साली शेतीच्या पाण्यासाठी पुरा झाला, माताटीला धरणावर १९६५ साली जलविद्युत् केंद्र चालू झाले, आणि १९८४ साली पारीछा येथेच कोळशावरचे मोठे केंद्र उभे राहिले. कोळसा मात्र दूरच्या खाणींतून आगगाडीने आणावा लागतो. डोक्यावर आठ महिने कडकडीत ऊन असताना दिव्यासाठी शेकडो कोस कोळसा वाहून आणावयाचा, हे पाहून ज्याच्या मनात प्रश्न उठत नाही तो मनुष्य फारच समाधानी म्हटला पाहिजे.

उन्हाला कामास लावण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज उपनिबंधक होते. आम्हां दप्तरी माणसांस या गृहस्थाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. दिवसभर फायली हाताळून उरलेल्या वेळात त्यांनी सूर्याचा पाठलाग केला. सपाट आरशांचे तुकडे एका मोठ्या अर्धवर्तुळाकार चौकटीवर बसवून त्यांचे किरण त्यांनी बाष्पकावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालविले. मधल्या कुलाब्यातील त्यांच्या आवारात हे यंत्र पाहावयास लोक येत. भर जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड दिवसांत, सात शिपायांचे जेवण दोन तासांत उन्हावर शिजविल्याचे त्यांनी नमूद केले आहे. उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी असे प्रतिपादणारा त्यांचा ग्रंथ १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. पुढे काय? काहीच नाही. लोकांनी कौतुकाने पाहिले आणि ते आपापल्या घरी शेगडीकडे परतले. यंत्र साहेबाच्या आवारात होते. ते मोडले तर दुरुस्त कोणी करावयाचे, हे पाहणाऱ्यांपैकी कोणास ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक व्हावे अशी कोणाची इच्छाही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रयोग दुसऱ्या रूपाने झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात एक सूर्यचूल तयार केली. अंतर्गोल आरसा, मध्ये भांडे ठेवण्याची जागा. ती बाजारातही आली. शास्त्राच्या दृष्टीने तिच्यात फारसे उणे नव्हते. परंतु आमच्याकडील गृहिणी पहाटे आणि सायंकाळी चूल पेटविते, आणि ती सूर्यचूल दुपारी भर उन्हात अंगणात बसून थोड्या थोड्या वेळाने फिरविण्याची अपेक्षा करीत होती. गोवऱ्या तर फुकट थापून मिळत. चूल चालली नाही यात दोष सूर्याचा नव्हता आणि गृहिणीचाही नव्हता. तिला आधी कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

याउलट गोबरगॅसची कथा. शेणापासून ज्वलनशील वायू मिळविण्याचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास देसाई यांनी केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचा नमुना सिद्ध केला आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने तो १९६० नंतर गावोगाव नेला. त्याची रचना खेड्यातील कोणाही शहाण्या गवंड्यास समजेल अशी होती. विहिरीसारखी टाकी, तीत शेण व पाणी समप्रमाणात कालवून सोडावयाचे, वर लोखंडी टोपी. वायू साठला की टोपी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती शिल्लक आहे हे पोरालाही दुरून दिसते. गोवरी जळली की शेताचा घास गेला. येथे वायू जळतो आणि शेणाचे खत शेतास परत मिळते. स्वयंपाकघरातील धूर जातो आणि भांड्यांची काजळी जाते. शेतकऱ्याला जे हवे होते आणि त्याच्या बायकोला जे हवे होते ते दोन्ही एकाच टाकीतून निघाले, म्हणून ती टाकी टिकली.

तीतही विषमता शिरलीच. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्या घरी एकच शेळी त्याने काय करावे? उलट ज्या वाटेवरचे शेण गरीब बाई उद्यापर्यंत फुकट वेचीत होती ते आता मालकाच्या टाकीत जाऊ लागले. लोखंडी टोपीही महाग, आणि ती गंजे. या दुसऱ्या अडचणीवर उपाय आमच्याच प्रदेशात, इटावा जिल्ह्यातील (आता औरैया जिल्ह्यात मोडणाऱ्या) अजीतमल येथील गोबरगॅस संशोधन केंद्रात निघाला. तेथे १९७८ साली चिनी नमुन्यावरून विटांच्या स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र तयार झाले. पुढे १९८४ साली त्याहून स्वस्त असे ‘दीनबंधु’ आले. १९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय योजनाच सुरू झाली आणि आजवर देशात बांधलेल्या घरगुती संयंत्रांची संख्या सरकारी हिशेबाने पन्नास लाखांच्या घरात गेली आहे. त्यांतील किती चालू आणि किती बंद, हा निराळा प्रश्न. बांधणे दप्तरात मोजता येते, चालविणे मोजणे कठीण.

परंतु या सर्व इतिहासात आम्हांस सर्वांत अधिक मोलाचे वाटते ते कोकणातील कणकवलीचे आणि पुण्याजवळील देहूचे काम. मैल्यापासून वायू मिळतो हे ज्ञान जुनेच होते. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली अशा वायूवर दिवे लावले गेले होते. पण तो आश्रम होता, घर नव्हे. मैल्यापासून निघालेल्या ज्योतीवर घरातला भात शिजवावयाचा, ही गोष्ट बोलावयासही आपल्या समाजात जीभ अडखळते. सीताराम पुरुषोत्तम उपाख्य अप्पासाहेब पटवर्धन यांची जीभ अडखळणारी नव्हती. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम करण्याचा हक्क आपल्याला मिळावा म्हणून त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला होता. काही कामे काही जातींच्या कपाळी कायमची लिहिलेली असावीत, हेच त्यांना मान्य नव्हते. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला आणि तेथे शौचकूप, सोनखत व त्यांतून मिळणारा वायू यांचे प्रयोग चालविले. लोकांस हे इंधनाचे प्रयोग वाटले. अप्पांच्या दृष्टीने ते अस्पृश्यतानिवारणाचे होते. मैला हातांनी उचलावाच लागला नाही तर तो उचलणारी जातही उरणार नाही, असा तो सरळ हिशेब होता.

त्यांचे हे काम पुढे नेले देहूच्या डॉ. मापुसकरांनी. १९६० च्या सुमारास ते तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तुकोबांचे गाव, वारीची गर्दी, नदीकाठ, आणि पोटाच्या रोगांनी आजारी पडणारी माणसे. त्यांनी आरंभी बांधलेले काही शौचकूप पावसाळ्यात ढासळले आणि गावाचा विश्वासही त्यांबरोबर ढासळला. दुसरा कोणी बदली मागून निघून गेला असता. हे राहिले. अप्पासाहेबांच्या नमुन्यांचा अभ्यास करून त्यांनी सोपे शौचकूप बांधविले, आणि १९८० च्या सुमारास मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ हे बंदिस्त वायुसंयंत्र सिद्ध केले. त्यात मैल्याला माणसाचा हात लागण्याचा प्रसंगच येत नाही. ज्योत निळी, गंधहीन. तरी ‘हे अन्न शुद्ध कसे?’ हा प्रश्न घरोघर उभा राहिल्यावाचून कसा राहील? तो व्याख्यानाने सुटणारा नव्हता. शेजारणीच्या घरी चहा झाला, तो आपण प्यालो, आपल्याला काही झाले नाही, अशा पायऱ्यांनीच तो सुटतो, आणि त्यास वर्षे लागतात. देहूस दशके लागली. मापुसकर २०१५ साली वारले. पद्मश्री त्यांना मरणोत्तर, २०१७ साली मिळाली. सरकारी सन्मानाला यावयास उशीर होतो, हे आम्ही आतील माणूस या नात्याने नुसते नोंदवून ठेवतो.

संमती न घेता शक्ती निर्माण केली तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. पाण्यापासूनची वीज ही धूर नसलेली, न सरणारी, आणि स्वदेशी भांडवलाची. तरीही टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीस मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. पन्नासच्या आसपास गावांची भाताची खाचरे पाण्याखाली जावयाची होती आणि वीज जावयाची होती मुंबईच्या गिरण्यांना. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झाले, भिरा येथील केंद्रही चालू झाले. सत्याग्रही प्रगतीचे शत्रू होते असे म्हणणारे त्या वेळीही होते. परंतु ज्याच्या शेतावर पाणी आले त्याच्या झोपडीत दिवा आला नाही, एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्यांचा विरोध पाण्याला नव्हता हे कळते.

आता पुन्हा आमच्या तटाबाहेर येऊ. झाशीच्या जुन्या कोटाच्या ओरछा दरवाजातून निघालेला रस्ता ओरछ्याला जातो. तेथील ‘ताराग्राम’ या केंद्रात १९९६ साली वनस्पतीजन्य इंधनापासून वायू करून त्यावर वीज काढण्याचे यंत्र बसविण्यात आले. इंधन कोणते? तर ‘बेशरम’! तळ्याकाठी, ओढ्याकाठी माजणारे, गुरेही ज्याला तोंड लावीत नाहीत असे ते जांभळ्या फुलांचे झुडूप. त्याच्या कांड्या तोडून, वाळवून आणून देणाऱ्या आसपासच्या बायाबापड्यांना मजुरी मिळू लागली आणि विजेवर हातकागदाचा कारखाना चालू लागला. ज्याला शिवी म्हणून नाव मिळाले त्या झुडपाला भाव आला.

झाशी जिल्ह्यातीलच रामपुरा या लहानशा खेड्यात २००९ साली याहून पुढचे पाऊल पडले. तेथे विजेच्या तारा पोहोचलेल्याच नव्हत्या. एक नॉर्वेजियन कंपनी आणि ओरछ्याचे केंद्र चालविणारी दिल्लीची संस्था यांनी मिळून तेथे ८.७ किलोवॅटचे सौर केंद्र उभारले. आजच्या मानाने ही शक्ती म्हणजे शहरातील दोन-तीन बंगल्यांच्या गच्चीवरची. महत्त्व आकड्याचे नव्हे. ते चालविण्यासाठी गावकऱ्यांची ऊर्जा समिती नेमली गेली; कोणाला किती वीज, तिचा दर काय, पैसे कोणी गोळा करावयाचे, हे समितीने पाहावयाचे. फुकट वीज मागणारा गाव आणि वर्गणी देऊन बिलासाठी शेजाऱ्याला जाब विचारणारा गाव, यांत फार अंतर आहे.

मोठ्या योजनाही येत आहेतच. गरौठा तहसिलीत ६०० मेगावॅटच्या सौर उद्यानाची कोनशिला १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, झाशीत बसविली गेली. त्याची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. चुलीपुरते पाहिले तर २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसच्या टाक्या खेड्यापाड्यांत नेल्या, हेही मोठेच काम. पण तो गॅस निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, आणि तिकडे समुद्रात काही बिनसले की इकडे बड्या बाजारातल्या डाळीच्या फोडणीला त्याची झळ लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छपरांवर सौर पट्टे बसविण्याची केंद्राची योजना निघाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, आणि तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान. ती आमच्या गल्ल्यांतही पोहोचली आहे. पण बडा बाजार म्हणजे नवी वसाहत नव्हे. भिंतीला भिंत लागून उभी असलेली जुनी घरे, खाली दुकान, वर बिऱ्हाड. आणि गच्ची एकाची नव्हे. आजोबांच्या नावावरचे घर, वारस चौघे. त्यांपैकी एखादा पुण्यास, एखादा जबलपुरास. विजेचे मीटर तळमजल्याच्या नावे, छपराचा हक्क तिसऱ्याचा, आणि दुपारनंतर सावली पडते ती शेजाऱ्याने चढविलेल्या मजल्याची. सावली पाडणाऱ्यास भाडे मागावे की त्याच्याच उंच छपरावर भागीदारीने पट्टे बसवावे, यावर हल्ली आमच्याकडे सायंकाळी दुकानांच्या फळ्यांवर वाद चालतात. आणि दर बैठकीत कोणी ना कोणी दोन शब्द समजुतीचे बोलून जातो. घराघरांतील बायका या चर्चेत अजून उघडपणे उतरलेल्या नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र गच्चीवरून खाली येऊन ठेपला आहे: चैत्रात पापड, कुरडया आणि सांडगे वाळत घालावयाचे ते कोठे? अर्जाच्या नमुन्यात या प्रश्नासाठी रकाना नाही.