तंत्रसामग्रीची खरेदी व तिचे नियंत्रण : घाटंजी तालुका

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या कारभारासाठी करावयाची संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर, प्रोजेक्टर, सीसीटीव्ही कॅमेरे व सॉफ्टवेअर यांची खरेदी, तिला लागणाऱ्या मंजुऱ्या आणि तीवर चालणारी देखरेख यांचा विचार प्रस्तुत नोंदीत यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याच्या अनुषंगाने केला आहे. वाघाडी नदीच्या काठी वसलेल्या या तालुक्याच्या ठाण्यात नगर परिषद, पंचायत समिती आणि तहसील कचेरी ही तीन दप्तरे एकाच गावी असली, तरी त्या तिन्हींच्या मेजांवरील संगणक एका वाटेने आलेले नसतात. कारण आपल्याकडे मंजुरी ही यंत्राला दिली जात नसून ते ज्या पैशातून घ्यावयाचे त्या लेखाशीर्षाला दिली जाते. तेच यंत्र जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून घेतले तर एका सभेपुढे जाते, जिल्हा वार्षिक योजनेतून घेतले तर दुसऱ्या समितीपुढे आणि गावाने वर्गणी काढून शाळेला दिले तर बहुधा कोणापुढेच जात नाही.

या व्यवस्थेचे मूळ १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमात आहे. तत्पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभांची योजना आणली होती, म्हणजे स्थानिक कारभाराचा कणा तहसील हा धरला होता. बलवंतराय मेहता समितीनेही १९५७ मध्ये गटपातळीलाच प्राधान्य दिले. परंतु त्या वेळचे महसूलमंत्री आणि याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साधनसंपत्ती, तांत्रिक मनुष्यबळ व आर्थिक ऐपत यांचा विचार करून जिल्हा हाच बलवान घटक असावा, अशी शिफारस केली आणि तदनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. घाटंजीच्या दृष्टीने या निर्णयाचा परिणाम असा की मोठ्या खरेदीचा अखत्यार यवतमाळला राहिला आणि पंचायत समितीच्या वाट्याला प्रामुख्याने मागणी करणे व आलेला माल ताब्यात घेणे ही दोन कामे आली. निर्णय सामर्थ्याच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र ज्याला यंत्र वापरावयाचे तो आणि ज्याने ते निवडावयाचे तो यांच्यामध्ये जिल्ह्याचे अंतर पडले, ते अद्याप मिटलेले नाही.

खरेदीची नियमावली कालमानाप्रमाणे साचत गेलेली आहे. जिल्हा परिषदांचा जमाखर्च १९६८ च्या लेखासंहितेने बांधलेला आहे. खरेदीचे धोरण दीर्घकाळ २ जानेवारी १९९२ च्या शासन निर्णयावर चालले. आणि १ डिसेंबर २०१६ रोजी उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका काढली, तीच आज या विषयातील आधारग्रंथ मानली जाते. किरकोळ वस्तू थेट घ्याव्यात, त्याहून मोठ्या मागणीसाठी दरपत्रके मागवावीत आणि विशिष्ट रकमेच्या वर ई-निविदा काढावी, अशी तिची चढती पायरी आहे. २०१६ मध्ये ई-निविदेची ही रेषा ३ लाख रुपयांची होती व पुढे ती बदलली. रेषा कोठेही असो, तिच्या खाली राहावे म्हणून एकाच मागणीचे तुकडे पाडू नयेत, हे कलम पुस्तिकेत आवर्जून घातलेले आहे, आणि नियमात एखादी गोष्ट निषिद्ध म्हणून लिहावी लागते तेव्हा ती घडत असते एवढे वाचकाने समजावे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र शासनाने जेम हे शासकीय ई-बाजारपेठेचे संकेतस्थळ सुरू केले, पुढील वर्षी राज्याने ते स्वीकारले, आणि पूर्वीच्या दरकरारांची जागा त्याने बव्हंशी घेतली.

प्रत्यक्ष नस्तीचा प्रवास पाहिल्याशिवाय या नियमांचा अर्थ कळत नाही. पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत संगणक बंद पडतो, लिपिक टिपणी मांडतो, गटविकास अधिकारी मागणीपत्रावर सही करून ते यवतमाळच्या सामान्य प्रशासन विभागाकडे धाडतात. तेथे इतर पंचायत समित्यांच्या मागण्यांसह ते एकत्र केले जाते, अंदाजपत्रकात तरतूद आहे किंवा नाही याची खातरजमा होते, यंत्राचे विनिर्देश ठरविले जातात आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी नस्ती वित्त विभागात जाते. या अभिप्रायात तरतूद, शिल्लक, सक्षम प्राधिकारी आणि पद्धती या चार गोष्टी पाहिल्या जातात, आणि यांपैकी एकीतही त्रुटी आढळल्यास नस्ती मागे फिरते. त्यानंतर रकमेच्या मानाने मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा स्थायी समिती प्रशासकीय मान्यता देते. निविदा दोन लिफाफ्यांत येते, तांत्रिक लिफाफ्यात जो पात्र ठरेल त्याचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि न्यूनतम दरवाल्यास पुरवठा आदेश मिळतो. माल आल्यावर तो मागणीबरहुकूम असल्याचा दाखला, जडवस्तू संग्रह नोंदवहीतील पान व अनुक्रमांक, आणि देयकाच्या पाठीवरील नोंद या तिहींची रुजुवात झाल्याखेरीज पैसे सुटत नाहीत. संगणकाच्या अंगावर कार्यालयाचे नाव, वर्ष आणि अनुक्रमांक रंगाने लिहिला की तो खऱ्या अर्थाने सरकारी झाला, असे कचेरीत मानले जाते.

या प्रवासाचा सर्वांत नाजूक टप्पा विनिर्देशांचा आहे. जिल्ह्याला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे अधिकारी सल्ल्यासाठी असतात हे खरे. परंतु विनिर्देश एका विशिष्ट कंपनीच्या मापाने शिवले गेले, तर पुढील सर्व लिफाफे निर्मळ असूनही स्पर्धा नाममात्र उरते, आणि समितीपुढे येणारा तुलनात्मक तक्ता पाहून हे दोष उमगत नाहीत. निवडून आलेला सभासद दर विचारतो, पुरवठादार कोठला हे विचारतो, कधी आपल्या गणात किती यंत्रे आली हेही विचारतो. विनिर्देश कोणी लिहिले हा प्रश्न मात्र सभेच्या इतिवृत्तात विरळाच आढळतो. दुसरी अडचण मार्च महिन्याची. ३१ मार्चला अखर्चित निधी व्यपगत होण्याची भीती असल्याने वर्षभर निजलेली नस्ती शेवटच्या पंधरवड्यात धावू लागते, आणि ज्या परीक्षणाला सवड हवी तेच तेव्हा आटोपते घेतले जाते.

ग्रामपंचायतींची कथा निराळी आहे. २०११ च्या संग्राम प्रकल्पाने गावोगाव संगणक व परिचालक आणले, २०१६ पासून त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली, आणि या सेवा केंद्रांचा खर्च ग्रामपंचायतींच्या वित्त आयोग निधीतून सेवा पुरविणाऱ्या यंत्रणेकडे वळता करण्याची योजना मुंबईत आखली गेली. पैसा गावाचा आणि करार वरचा, ही या योजनेची मेख होय. आणि तुटपुंज्या व रखडलेल्या मानधनासाठी संगणक परिचालकांना वारंवार आंदोलने करावी लागली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळतो. २०२१-२२ पासून त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बंधित असल्याने यंत्रसामग्रीला उरतो तो ४० टक्के अबंधित भाग, आणि त्यातूनही वेतन व आस्थापनेचा खर्च करता येत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीचा संगणक ही गावाची निकड की आस्थापनेचा खर्च, हा प्रश्न लेखापरीक्षकाच्या लेखणीवर सोडलेला आहे. खर्च ग्रामसभेने संमत केलेल्या विकास आराखड्यात असावा लागतो, आणि देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. त्या स्वाक्षरीची डोंगल ज्याच्या हाती त्याच्या हाती पैसा, हे गावात सर्वांना ठाऊक असते. २४ एप्रिल २०२३ पासून ही प्रणाली जेमशी जोडली गेली असून ग्रामपंचायतीलाही आता थेट त्या बाजारपेठेतून खरेदी करता येते.

तालुक्यातील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा) कायदा व त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम लागू असल्याने ग्रामसभेचे स्थान केवळ संमतिदर्शक नाही. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी अशा ग्रामपंचायतींकडे थेट येतो, आणि त्यातून काय घ्यावे व काय घेऊ नये हे ठरविण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. तालुक्यातील सर्व संस्थांत खरेदीपूर्वी सर्वांसमोर चर्चा होण्याची सर्वांत भक्कम कायदेशीर तरतूद, कागदावर तरी, याच लहान गावांच्या वाट्याला आली आहे.

घाटंजी नगर परिषद १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाखाली येते. तेथे मुख्याधिकारी प्रस्ताव मांडतात, सभा ठराव करते, आणि तो बेकायदा वा लोकहितास बाधक वाटल्यास कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना त्याची अंमलबजावणी तहकूब करता येते. यांखेरीज पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील, १९९८ च्या अधिनियमाने घडविलेली जिल्हा नियोजन समिती ही एक वेगळीच वाट आहे. नाविन्यपूर्ण योजना या सदराखाली येणारी यंत्रे बहुधा या वाटेने येतात. शाळांची गोष्ट आणखी सैल. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर डिजिटल शाळांची लाट आली, तेव्हा शिक्षकांनी व गावकऱ्यांनी लोकसहभागातून प्रोजेक्टर व दूरचित्रवाणी संच उभे केले. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. पण दान म्हणून आलेल्या यंत्राच्या दुरुस्तीची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. लाभार्थींना वस्तू वाटण्यासाठी होणारी खरेदी मात्र ५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने बरीच आटली, कारण बहुतेक योजनांत वस्तूऐवजी रोख रक्कम बँक खात्यात जमा होऊ लागली.

मार्च २०२२ मध्ये यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर तिचा कारभार प्रशासकाकडे, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच गेला. प्रस्ताव मांडणारी आणि सभेच्या वतीने तो मंजूर करणारी सही एकाच हाताची झाली. त्यामुळे नस्त्या जलद निघाल्या असतील; परंतु ज्या नियंत्रणासाठी १९६१ चा अधिनियम लोकनियुक्त समित्या निर्माण करतो, त्याचे स्थान या काळात शब्दशः रिकामे राहिले.

खरेदीनंतरची देखरेख मुख्यतः हिशेबाची आहे. १९३० च्या अधिनियमाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा प्रमाणके तपासते, आक्षेप नोंदविते, आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर आली की वर्षानुवर्षे अनुत्तरित राहिलेल्या आक्षेपांची उत्तरे कचेरीत रातोरात लिहिली जातात. यंत्र वापरात आहे काय, त्यात साठविलेली माहिती कोणाच्या हाती आहे, कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण किती दिवस ठेवावयाचे, हे प्रश्न या तपासणीच्या कक्षेत सहसा येत नाहीत. तुलनेसाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सांता क्लारा काउंटीचे उदाहरण घेता येईल. आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने तुल्य अशा या घटकाच्या पाच सभासदांच्या मंडळाने जून २०१६ मध्ये असा स्थानिक कायदा केला की पाळत ठेवणारे कोणतेही तंत्र घेण्यापूर्वी संबंधित खात्याने त्याच्या वापराचे धोरण व परिणामांचा अहवाल जाहीर सभेत मंडळापुढे ठेवावा आणि पुढे दरवर्षी त्याचा हिशेब द्यावा. आपली पद्धत दर कमी होता की नाही हे बारकाईने पाहते; यंत्र हवे होते की नाही, हे पाहण्याची सोय तीत नाही. ही उणीव सांता क्लाराच्या नियमाची नक्कल करून नव्हे, पण प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीत वापराचे आणि देखभालीचे एक पान सक्तीचे करून भरून काढता येण्यासारखी आहे.

आयुष्य संपलेल्या यंत्राचे निर्लेखन केल्याशिवाय ते नोंदवहीतून निघत नाही. म्हणून कचेऱ्यांच्या कोपऱ्यांत मृत संगणकांचे ढीग दिसतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावयाचे असून भंगारवाल्यास विकणे नियमबाह्य आहे. मागणीपत्र, विनिर्देश, तुलनात्मक तक्ता आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीचे पान हे चार कागद माहितीच्या अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्काच्या अर्जाने कोणत्याही नागरिकास मागता येतात, आणि जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.