दान कुणाला पावलं?

झुंजुमुंजू व्हायच्या सुमारास वासुदेव दारात यायचा. डोक्यावर मोरपिसांची निमुळती टोपी, अंगात घोळदार झगा, हातात टाळ-चिपळ्या, काखेला झोळी. घरची बाई सुपातले पसाभर जोंधळे झोळीत ओतायची. त्यावर ‘उपकार झाले’ वगैरे काही तो म्हणत नसे. स्वतःभोवती गिरकी घेऊन म्हणे, ‘दान पावलं!’

मग नावं सुरू. पंढरपूरच्या विठोबाला पावलं, जेजुरीच्या खंडोबाला, कोंढणपूरच्या तुकाईला, आळंदीच्या ज्ञानोबाला, देहूच्या तुकोबाला. अधूनमधून दात्याच्या वाडवडिलांचीही नावं येत.

पावणं म्हणजे पोचणं. देव पावतो तेव्हा तो प्रसन्न होतो, हा अर्थही त्याच क्रियापदाचा. पेशवाईतल्या मोडी पत्रांतही समोरच्याचं पत्र ‘पावलं’ असंच लिहीत, आणि पैसे मिळाल्याचा कागद म्हणजे ‘पावती’ आपण आजही फाडतो. तेव्हा वासुदेव आभार मानत नव्हता, देवांच्या वतीने पोच देत होता. मोठा मानी प्रकार हा! दाणे शिजायचे त्याच्याच चुलीवर, पण घेणारा तो नव्हेच. देणाऱ्यालाही मग उपकारकर्त्याचा तोरा मिरवायला जागा उरत नसे.

प्रथा किती जुनी? ज्ञानदेव-नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत वासुदेवाचं रूपक आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी जोशी, गोंधळी यांच्याबरोबर वासुदेवालाही भारुडात उभं केलं. श्रोत्यांना तो ओळखीचा असल्याशिवाय हे जमलं नसतं.

गावगाडा चालू होता तोवर सुगीच्या धान्यात अशा फिरत्यांसाठी पसामूठ निघे. मजुरी रोखीत आली, माणसं शहरात गेली, दारं बंद राहू लागली. मोरपिसांची टोपी आता शाळेच्या स्नेहसंमेलनात नाहीतर सरकारी प्रचारफेरीत जास्त दिसते.

सरकारदरबारी वासुदेवाचा पेच वेगळाच आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, 1959 नुसार सार्वजनिक जागी गाण्या-नाचण्याच्या निमित्ताने दान घेणं हीसुद्धा भीकच ठरते. आणि महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमाती (ब) च्या यादीत ‘वासुदेव’ हे नाव आहे.