घरांची चौकशी कोणी करायची?

मुंबईत नोकरदार माणसाला घर का परवडत नाही, याची चौकशी नेमा अशी मागणी झाली की पहिली ओढाताण अध्यक्षपदावरून होते. निवृत्त सचिव हवा, न्यायाधीश हवा की बांधकामातला जाणकार? लालबागच्या आमच्या उपकरप्राप्त चाळीच्या भाडेकरू संघाचा मी चिटणीस. संघाच्या सभेत लोक पोटतिडकीने विचारतात, त्यांना नीट उत्तर देता यावं म्हणून जुने अहवाल आणि कायदे वाचत आलो. त्या वाचनातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चौकशी करणारा कुठून आला, त्यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरतं. जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याची किंमत खोलीत राहणारा भरतो.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला. दोन वर्षांनी सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या मंडळावर सरकारी अधिकारी होते, महापालिका, पोर्ट ट्रस्ट, चेंबर ऑफ कॉमर्स आणि गिरणीमालक संघाचे प्रतिनिधी होते. भाड्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांचा प्रतिनिधी नव्हता. म्हणून ट्रस्टने प्रश्न घेतला तो हवेचा आणि उजेडाचा. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेल्या ऑर साहेबांनी तर दोन इमारतींमध्ये किती अंतर असावं म्हणजे खोलीत ऊन येईल, याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियमच बसवला. नियम चांगलाच होता. पण प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसाठी दाट वस्त्या पाडल्या, तेव्हा तिथून उठलेल्या माणसांना परवडेल अशी खोली कुठे मिळणार, हे आधी कोणी ठरवलं नव्हतं. कामाची जागा सोडून लांब जाणं त्यांना शक्य नव्हतं. ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

१९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि ते रेल्वेच्या कारभारातून आलेल्या सर लॉलेस हेपर यांच्या हाती दिलं. आता प्रश्न बांधकामाचा झाला. कापसाच्या गाठींवर कर बसवून पन्नास हजार खोल्या उभारायचा बेत होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या साधारण सोळा हजार. इमारती इतक्या भक्कम की शंभरीला टेकूनही उभ्या राहिल्या. पण त्या काळात त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच होत्या. गिरणीपासूनचं अंतर, खोलीचं भाडं आणि कामगाराचा पगार या तिन्हींचा मेळ बसत नव्हता.

त्याच सुमाराला याच शहरात एक निराळी चौकशी झाली, आणि माझ्या लेखी तीच खरी चौकशी. मुंबई सरकारने गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. बाई चाळींचे जिने चढल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पंधरा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबं राहताना सापडली. जमिनीवर सहा वेगळ्या चुली मांडलेल्या होत्या. मुलं-माणसं मोजली तर तीस भरली, आणि सहांपैकी तीन बायकांचे दिवस भरत आले होते. चूल मोजायची आणि बाळंतपण कुठे होणार हे विचारायचं, हे बाईंना सुचलं, कारण त्या आल्याच होत्या बायकांसाठी. १९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. ते स्वतः परळच्या बीआयटी, म्हणजे याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळीत राहत होते. १९२९ मध्ये कायदा झाला.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भाडे नियंत्रण कायदा आला आणि १९४० चं भाडं गोठवलं गेलं. त्या कायद्याने आमच्या आजोबांचं बिऱ्हाड वाचवलं, हे मी कधी विसरणार नाही. पण भाडं थांबलं तशी डागडुजीही थांबली आणि पागडी, म्हणजे खोली मिळवण्यासाठी भाड्यावर मोजायची रक्कम, पावतीशिवाय हातोहात फिरू लागली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६८ मध्ये बेडेकर समिती बसली. तिच्यामागून १९६९ चा कायदा, दुरुस्तीसाठीचा उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं, आणि एकोणीस हजारांहून जास्त इमारती त्याखाली गेल्या. पुढे १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनासाठी अफझलपूरकर समिती, १९९७ मध्ये जुन्या इमारतींसाठी सुखठणकर समिती. दोन्हींचे प्रमुख अनुभवी प्रशासक. त्यांच्यापुढे प्रश्न होता, सरकारी पैसा न घालता घरं कशी बांधायची. उत्तर चटईक्षेत्रात शोधलं गेलं: बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, आणि रहिवाशाला फुकट घर. ज्याच्याकडे ना जुनी खोली ना झोपडी, तो तरुण भाडेकरू या हिशेबात बसतच नाही. घर मिळाल्यावर देखभालीचा महिन्याचा खर्च न झेपल्यामुळे ते विकून लांब जाणारी कुटुंबंही बसत नाहीत.

म्हणून पुढची चौकशी नेमाल तेव्हा अध्यक्षपदी बिल्डर नको, आणि ज्या खात्याच्या धोरणाची तपासणी करायची त्याच खात्यातून निवृत्त झालेला अधिकारीही नको. घरखर्चाचा अभ्यास केलेली, सार्वजनिक आरोग्यात किंवा कामगारांत काम केलेली व्यक्ती नेमा. बाई असेल तर फार बरं. मृणाल गोऱ्यांसारख्या कार्यकर्त्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावात हजारो कुटुंबांना घरं मिळवून दिली आहेत, तेव्हा चळवळीतल्या माणसाला हे काम झेपणार नाही असं कोणी म्हणू नये. इंजिनिअर, वकील, नगररचनाकार समितीवर जरूर असावेत, पण त्यांच्या बरोबरीने भाडेकरूही मताच्या अधिकारासह असावेत. समितीने पहिले सहा महिने पगार, भाडं, कर्जाचा हप्ता आणि प्रवासखर्च घराघरांत जाऊन मोजावा, आणि ते आकडे जाहीर केल्याशिवाय एफएसआयचा विषय काढू नये. आमचा संघ ही मागणी लेखी करणार आहे.