खळं ते टर्फ : परसातल्या मैदानाची नोंद



आजची नोंद पिकाची नाही, जागेची आहे.

मांजरी बुद्रुकला आमच्या घरामागं जुनं खळं आहे. मळणी यंत्र आलं आणि खळ्याचं काम संपलं. पुढं तिथं ड्रीपच्या नळ्यांची भेंडोळी अन् मोडकी पाभर पडून असायची. २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचंही गेलं. तेव्हापासून त्या जागेवर सगळ्यांचाच डोळा. पण मागणी आली ती घरातूनच.

पोरगी हॉकी खेळते. सराव मुरमाच्या मैदानावर. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा टर्फवर सामना झाला. मुरमावर चेंडू उड्या मारत येतो, टर्फवर सरळ सरपटत सुटतो. हिची काठी पोचेपर्यंत चेंडू पुढं गेलेला. हरून आली अन् म्हणाली, "पप्पा, खळ्यावर टर्फ टाकू या."

आबा काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसले की मला जास्त काळजी लागते. म्हणून मापं घ्यायच्या आधी थोडा इतिहास वाचून काढला.

परसात मैदान करणं पुण्याला नवीन नाही. दीडशे वर्षांमागं इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी जाळी बांधून फुलाचा खेळ खेळायचे. त्या खेळाला 'पूना' असंच नाव पडलं होतं. पुढं इंग्लंडात तो बॅडमिंटन झाला. खेळाला गावाचं नाव मिळालं, पण खाली मातीच होती.

प्लास्टिकचं गवत आलं अमेरिकेतून, आणि त्याची गोष्ट शेतकऱ्यानं ऐकावी अशीच आहे. ह्यूस्टन शहरात १९६५ ला अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छताखालचं भलं मोठं मैदान उघडलं. आत खरं गवत लावलेलं. छताला उजेड यावा म्हणून पारदर्शक तावदानं. त्या चकाकीत खेळाडूंना उंच आलेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं अन् गवत मेलं. आपल्याकडं कोणत्याही बाईमाणसानं सांगितलं असतं की सावलीत हेच होणार! १९६६ ला तिथं नायलॉनचं गवत अंथरलं. त्याच मैदानावरून त्याला 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' नाव मिळालं.

दहा वर्षांत त्याचा फटका आपल्याला बसला. १९७५ ला क्वालालंपूरला भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला, तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. नुसतं टर्फच कारण होतं असं म्हणणं बरोबर नाही. १९८० ला मॉस्कोत टर्फवरच आपण सुवर्ण जिंकलं, अर्थात बऱ्याच देशांनी तेव्हा बहिष्कार घातला होता. पण एक गोष्ट खरी. जमीन बदलली की खेळ बदलतो, अन् नवी जमीन ज्याला परवडते तो आधी शिकतो.

मग आपल्या खडकीचे धनराज पिल्ले? ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढले. वडील मैदानाची निगा राखणारे. धुळीच्या मैदानावर मोडक्या काठ्यांनी खेळायला शिकले अन् १९९२ ते २००४ चार ऑलिम्पिक खेळले. हे पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, ते धुळीत शिकले, पण ऑलिम्पिक टर्फवर खेळले ना?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी संध्याकाळी आबा बोलले. "खळं दरसाल करायचो. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, बैल फिरवून जमीन दाबायची, शेणानं सारवायचं. मधी तिवडा रोवून पात धरायची. धान्य घरात आलं की पाऊस सगळं मोडून टाकायचा. जमीन परत जमीन व्हायची. तुझं हे प्लास्टिक कधी परत जमीन होणार?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून सगळं खळं दिलं नाही. ४० बाय २० फूट घेतलं, म्हणजे ८०० चौरस फूट.

आता कामाची नोंद. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टर्फ अंथरलं तर दोन हंगामांत वरंबे पडणार. म्हणून दीड फूट खणून मुरमापर्यंत गेलो. बारा ब्रास माती निघाली. ठेकेदार म्हणाला, "उचलून नेतो, पैसे नकोत." फुकट कशाला नेतोय ते कळलंच! सगळी माती पेरूच्या बागेत पसरली. आबांनी उभं राहून ट्रॉल्या मोजल्या.

खड्ड्यात आधी मोठी खडी, वर बारीक खडी, वर कच. प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. शंभर फुटाला एक फूट उतार, म्हणजे चाळीस फुटांत जवळपास पाच इंच. उताराच्या टोकाला चर काढून पाणी बागेकडं वळवलं. हॉकीला आखूड पात्याचं, वाळू भरायचं टर्फ लागतं. फुटबॉलच्या लांब पात्यात चेंडू अडतो. हे आधी विचारा, नाहीतर पैसे गेले.

एप्रिलात दुपारी दोनला हात ठेवून बघितला, टेकवेना. खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, हे नुसतं तापतं. म्हणून खेळ सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

उरलेल्या खळ्यावर औंदा हरभरा वाळवला. तिवड्याची जागा तशीच ठेवली आहे. संध्याकाळी पोरगी चेंडू मारते, आबा बाजेवर बसून मोजतात. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणायला मात्र मलाच पाठवतात.

तुमच्या खळ्याच्या जागेवर आज काय आहे? खाली लिहा. आणि खणणार असाल तर एवढं ऐका : वरची माती कुणाला देऊ नका.