पंधरा ठोकळे आणि एक रिकामे घर : संगणकाला शोध घ्यायला शिकवणाऱ्या कोड्याचा इतिहास

१/ सोळा घरांची चौकट, तीत १ ते १५ आकड्यांचे ठोकळे आणि एक घर रिकामे. ठोकळा उचलायचा नाही. शेजारच्या रिकाम्या घरात केवळ सरकवायचा आणि अखेरीस सारे आकडे क्रमाने लावायचे. १८८० च्या पूर्वार्धात या साध्या खेळण्याने आधी अमेरिकेला आणि मग युरोपला झपाटून टाकले. पुढे शतकभराने संगणकशास्त्राने आपले काही मूलभूत धडे याच चौकटीवर गिरवले. हा धागा त्या प्रवासाचा.

२/ या कोड्याचा जनक म्हणजे न्यू यॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइस पामर चॅपमन. १८७० च्या दशकात त्यांनी सोळा ठोकळ्यांचे एक कोडे तयार केले होते. त्यात प्रत्येक ओळीची बेरीज ३४ यावी लागे. पंधराचे कोडे हे त्याचेच पुढचे रूप. हार्टफर्डच्या कर्णबधिर शाळेतील विद्यार्थ्यांनी त्याच्या प्रती बनवायला घेतल्या, आणि डिसेंबर १८७९ मध्ये बॉस्टनच्या मथायस राइस यांनी ते 'जेम पझल' या नावाने बाजारात आणले.

३/ चॅपमन यांनी फेब्रुवारी १८८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पण तो फेटाळला गेला. १८९१ पासून कोडेकार सॅम लॉइड हे कोडे आपलेच असल्याचे सांगू लागले आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. पुढची अनेक दशके पुस्तकांतून त्यांचेच नाव छापले गेले. जेरी स्लोकम आणि डिक सोनेवेल्ड यांच्या २००६ सालच्या ग्रंथाने हे श्रेय कागदपत्रांनिशी चॅपमन यांच्याकडे परत नेले.

४/ लॉइड यांचे नाव जोडले गेले ते एका बक्षिसाशी. बाकी सारे ठोकळे जागच्या जागी, फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल झालेली. हे सरळ करून दाखवणाऱ्यास १,००० डॉलर. हे पैसे कधीच द्यावे लागणार नव्हते. 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'च्या १८७९ च्या खंडात विल्यम वुल्सी जॉन्सन यांनी ही मांडणी सुटणे अशक्य असल्याचे सिद्ध केले होते.

५/ युक्तिवाद सुंदर आहे. चौकट बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या घरांत रंगवा. प्रत्येक चालीत रिकामे घर आणि एक ठोकळा यांची अदलाबदल होते आणि रिकाम्या घराचा रंग पालटतो. ते मूळ कोपऱ्यात परत यायचे, तर चालींची संख्या समच हवी. मात्र १४ आणि १५ यांची अदलाबदल म्हणजे एकच बदल, म्हणजे विषम. सम चालींनी विषम बदल घडत नाही. म्हणून ठोकळे मनाला येतील तसे मांडले, तर निम्म्या मांडण्या सुटतच नाहीत. उरलेल्या साऱ्या सुटतात, हे त्याच खंडात विल्यम स्टोरी यांनी दाखवले.

६/ 'सुटते का?' या प्रश्नाचे उत्तर असे संगणकाच्या जन्माआधीच मिळाले. उरला दुसरा प्रश्न : कमीत कमी किती चालींत सुटते? सुटणाऱ्या मांडण्या आहेत १०,४६,१३,९४,९४,४००० नव्हे, नीट भारतीय रीतीने सांगायचे तर सुमारे १० लाख ४६ हजार कोटी. त्या एकेक तपासत बसणे विसाव्या शतकाच्या मध्यावरील कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर होते.

७/ म्हणून संशोधक आधी धाकट्या भावंडाकडे वळले : नऊ घरे, आठ ठोकळे, १,८१,४४० मांडण्या. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे सांकेतिक संदेश उलगडणारे डोनाल्ड मिची पुढे एडिंबरोला आले. तेथे त्यांनी आणि जिम डोरन यांनी १९६६ मध्ये 'ग्राफ ट्रॅव्हर्सर' हा प्रोग्राम या कोड्यावर चालवून पाहिला. तो प्रत्येक मांडणीला 'ध्येय किती दूर' याचा अंदाज देई आणि सर्वांत आशादायक मांडणीपासून पुढे जाई. वाट सापडे, पण ती सर्वांत जवळचीच असेल याची हमी नव्हती.

८/ ती हमी १९६८ मध्ये आली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 'शेकी' या यंत्रमानवाला खोल्यांमधून वाट शोधता यावी, यासाठी काम चालले होते. त्यातून पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी 'ए-स्टार' ही रीत मांडली. झालेल्या चाली आणि उरलेल्या अंतराचा अंदाज यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथून शोध पुढे न्यायचा. अट एकच : अंदाज प्रत्यक्ष अंतरापेक्षा कधीही जास्त नसावा.

९/ पंधराच्या कोड्यात असा अंदाज सहज मिळतो. प्रत्येक ठोकळा आपल्या घरापासून आडवा-उभा किती घरे दूर आहे ते मोजा आणि बेरीज करा. न्यू यॉर्कमधील मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांवरून याला 'मॅनहॅटन अंतर' म्हणतात. एका चालीत एकच ठोकळा एकच घर सरकतो, त्यामुळे प्रत्यक्ष चाली या बेरजेपेक्षा कमी असूच शकत नाहीत.

१०/ तरीही ए-स्टार अडली. पाहिलेली प्रत्येक मांडणी ती स्मरणात ठेवी आणि यंत्राची स्मृती उत्तराआधीच भरून जाई. १९८५ मध्ये रिचर्ड कॉर्फ यांनी उलटा मार्ग धरला : विसरा. बेरजेला एक मर्यादा घालायची. एकाच वाटेने खोल जायचे, मर्यादा ओलांडली की मागे फिरायचे. उत्तर मिळाले नाही, तर मर्यादा थोडी वाढवून सारे पुन्हा पहिल्यापासून. स्मरणात फक्त चालू वाट. श्रम वाया गेल्यासारखे दिसतात. पण प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या कितीतरी पट मोठी असल्याने जुन्या फेऱ्यांचा भार किरकोळ ठरतो. 'आयडीए-स्टार' नावाच्या या रीतीने यदृच्छेने निवडलेल्या १०० मांडण्यांची सर्वांत आखूड उत्तरे काढली. सरासरी भरली सुमारे ५३ चाली.

११/ पुढची झेप अधिक चांगल्या अंदाजाची. १९९६ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बरसन आणि जोनाथन शेफर यांनी मोजक्याच ठोकळ्यांचे कोडे आधी पूर्ण सोडवून त्याच्या उत्तरांचा तक्ता तयार ठेवला. मोठे कोडे सोडवताना तोच तक्ता अंदाज पुरवी. १९९९ मध्ये अनेक संगणकांच्या एकत्रित बळावर सिद्ध झाले, की कोणतीही सुटणारी मांडणी ८० चालींच्या आत सुटते. २००५ मध्ये कॉर्फ आणि पीटर शुल्ट्झ यांनी स्मृतीऐवजी हार्ड डिस्क वापरून अखेर साऱ्याच मांडण्या पालथ्या घातल्या. पूर्ण ८० चाली मागणाऱ्या मांडण्या निघाल्या अवघ्या १७.

१२/ यंत्रे वेगवान झाली म्हणून कोडे सुटले, एवढेच या इतिहासाचे सार सांगणे अपुरे आहे. १९८६ मध्ये डॅनियल रॅटनर आणि मॅनफ्रेड वॉर्मुथ यांनी दाखवले, की चौकट वाढवत नेली तर कोणतेतरी उत्तर काढणे सोपेच राहते, पण सर्वांत आखूड उत्तर काढणे हा गणनशास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते. म्हणून दर टप्प्यावर वेगाहून निर्णायक ठरला तो अंदाज : कमी सांगणारा चालेल, पण जास्त कधीच न सांगणारा. नकाशावर वाट शोधणारे कित्येक प्रोग्राम आजही याच अटीवर उभे आहेत. आणि या साऱ्याच्या मुळाशी आहे ती चौकट, जिचे पेटंट कॅनस्टोटाच्या पोस्टमास्तरांना मिळाले नाही.